धास्ती सर आणि लगेच आलेलं ‘हो’

शहागंजच्या मंडईत भाजी घेताना धास्ती सर आधी तराजू रिकामा उचलायला लावायचे. काटा मधोमध उभा राहिला की मग म्हणायचे, “हं, आता टाका वांगी.” भाजीवाले चाचा कपाळावर हात मारून घ्यायचे. “क्या मास्टर, बोहनी के टाइम पे शक करते!” त्यावर सर गरीब चेहऱ्यानं सांगायचे, “शक नाही चाचा, भीती वाटते.” आणि ते खरंच होतं. एवढा भित्रा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही.

औरंगाबादच्या आमच्या तंत्रनिकेतनात ते मोजमापाची प्रयोगशाळा सांभाळायचे. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. पोरांनी ठेवलेलं ‘धास्ती सर’ हेच सगळ्यांच्या तोंडी होतं. कुकरच्या शिट्टीला ते भ्यायचे, जिन्यातल्या सैल फरशीला भ्यायचे, विजेचं बटण दाबायच्या आधी हात तीनदा पुसायचे. हर्सूलच्या तलावावर सहल गेली की बाकीचे मास्तर भेळ खायचे आणि हे तलावाकडे तोंड करून दर दहा मिनिटांनी पोरं मोजायचे. एकदा आकडा एकानं जास्त आला तर तेवढ्यानंही त्यांना घाम फुटला. स्वतःलाच त्यांनी पोरांत मोजलं होतं!

मी तेव्हा चोवीस वर्षांची, कन्नड तालुक्यातल्या शेतकऱ्याची पोर, नुकतीच शिकवायला लागलेली. डोक्यात हवा भरपूर. मी त्यांना तोंडावर हसायचे. ते रागवायचे नाहीत. “हसा मॅडम. पण ज्याला भीती वाटत नाही त्याच्या हातात माप देऊ नये,” एवढंच म्हणायचे. त्यांचं आणखी एक म्हणणं होतं. पोरांना विचारायचे, “शून्य बघितलं का?” पोरं एका सुरात, “हो सर!” की सर स्वतः उठून बघायला जायचे. मला म्हणायचे, “लगेच आलेल्या ‘हो’ची मला फार भीती वाटते. खरं ‘हो’ जरा उशिरा येतं. माणूस आधी आठवून बघतो ना.”

आम्ही दोघांनी मिळून अंगणवाडीसाठी एक स्वस्तातला वजनकाटा बनवला होता. कॉलेजच्या वर्कशॉपमध्येच तयार केलेला, आढ्याला टांगायचा, खाली झोळी अडकवायची, झोळीत लेकरू. सोबत वयानुसार रंगांचा तक्ता. वजन लाल पट्ट्यात आलं की लेकराला ताबडतोब डॉक्टरकडे पाठवायचं. काट्याची परीक्षा म्हणून पिशोरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी मेंढपाळांची एक वस्ती आहे, तिथली लेकरं मी तोलून आणली. त्यावर निबंध लिहिला. आमच्याच सभागृहात परिषद भरणार होती, इंजिनिअर येणार होते, लहान मुलांचे डॉक्टर येणार होते, आणि निबंध वाचणार होते मी. माझा आयुष्यातला पहिला निबंध. आईनं त्यासाठी इरकली साडी पाठवली होती.

परिषदेच्या आदल्या दिवशी सकाळी सर माझे आकडे पुन्हा तपासत बसले. मी वैतागले होते. छापून झालेल्या निबंधात आता काय बघायचं? सरांनी एका ओळीवर बोट ठेवलं. दीड वर्षाची ठकी. वजन पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे फारशी काळजी नाही. पण कुपोषण ओळखायला दंडाला गुंडाळायची मापाची पट्टी मात्र लाल. त्याच वस्तीतल्या आणखी चार लेकरांचं तसंच.

“मॅडम, दंड एक सांगतो आणि काटा दुसरं. प्रत्येक झोळी आधी रिकामी टांगून शून्य लावलं होतं ना? झटकून, चाचपून?”

“हो सर,” मी म्हणाले.

लगेच म्हणाले.

खरं काय झालं होतं ते सांगते. आमच्या कॅनव्हासच्या झोळीला पाहून लेकरं आकांत करत होती, म्हणून मी आयांना आपापल्या लुगड्याचं फडकं आणायला सांगितलं. पहिली काही फडकी नीट रिकामी टांगली. मग ऊन चढलं, तीस लेकरांचा आरडाओरडा, माझं डोकं उठलं. पुढच्या फडक्यांचं शून्य मी लावलंच नाही. सगळी सारखीच असणार, असं धरून चालले. आणि ठकीच्या झोळीला हात लावताना घडीत काहीतरी टणक लागलं होतं. लागलं होतं! वाळा असेल, म्हणाले नि पुढचं लेकरू घेतलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शिपायाला म्हणाले, “जीप काढायला सांगा. पिशोरला जायचंय.”

त्या रस्त्याला मी कितीतरी वेळा गेलेय, पण तेवढा लांब तो कधीच वाटला नाही. तोलून महिना होऊन गेला होता. महिन्यात लेकराचं काय होतं हे मला, शेतकऱ्याच्या पोरीला, कुणी सांगायला नको होतं. सर मागं बसून एकसारखे पुटपुटत होते, “असू दे, माझीच उगाच धास्ती असू दे.” मी देवाकडे तेच मागत होते. खरं सांगायला तोंड उघडायचे आणि मिटायचे.

ठकी खाटेवर पडली होती. डोळे उघडे, पण आमच्याकडे बघेना. माशी ओठावर बसली तरी हात हलेना. तिची आई सखू आम्हाला बघून दारातच आडवी उभी राहिली.

“परत तोलायचं नाय बाई. तुमच्या पाया पडते.”

सर उंबऱ्याबाहेरच मातीत बसले. “का हो ताई?”

सखूनं खाटेकडे वळून पाहिलं. मग सगळं एकदम आलं. “पहिलीला बी तोललं व्हतं. दीठ लागली, म्हैन्यात गेली. म्हनून या टायमाला मी फडक्यात अडकित्ता घातला. लोखंड असलं की बाधत नाय म्हनत्यात. समद्याच बायांनी काय काय घातलं व्हतं. तरी बी बघा की वो, ही बी चालली!”

भरीव लोखंडी अडकित्ता, पावशेराच्या वरचा. तेवढं लोखंड मी ठकीच्या अंगावर मांस म्हणून लिहून आणलं होतं. मला वाटलं, आता सर या बाईला शिकवायला लागणार, दीठ-बीठ काही नसतं वगैरे. त्यांच्या जागी मी असते तर तेच केलं असतं.

सर म्हणाले, “ताई, मला पण लई भीती वाटते. सगळ्याचीच वाटते. तुमचा अडकित्ता आणा.”

त्यांनी सोबत आणलेला काटा आढ्याला टांगला, रिकामं फडकं अडकवलं, त्यात तो अडकित्ता ठेवला आणि तसाच राहू देऊन काटा फिरवून शून्यावर आणला. “हे बघा, लोखंड आहे तिथंच आहे. आता ठेवा लेकरू.” सखूनं ठकीला झोळीत ठेवलं. काटा लाल पट्ट्यात गेला, अगदी तळाला. सरांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाले, “अडकित्ता काढू नका. तसाच घेऊन जीपमध्ये बसा.” उरलेल्या चौघांनाही त्यांनी तसंच तोललं. तिघं लाल निघाले. सगळ्या आया, लेकरं, विळे, कुलपं एका जीपमध्ये भरून आम्ही शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आणली. डॉक्टर म्हणाले, “उद्यापर्यंत काही सांगता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी इरकली नेसून सभागृहात बसले होते आणि दवाखान्यातून काही निरोप नव्हता. माझं नाव पुकारल्यावर सरांनी छापील निबंधावर एक हातानं लिहिलेला कागद ठेवला. “हा आधी वाचा. आपल्या काट्यासारखा काटा कुणीतरी उद्या दुसऱ्या गावी टांगणार. त्यांना कळलं पाहिजे.”

मी वाचायला लागले. लोखंडाचं लिहिलं होतं, आयांच्या भीतीचं लिहिलं होतं, ती भीती न काढता शून्य कसं लावायचं तेही लिहिलं होतं. शेवटची ओळ होती, ‘झोळ्या तपासायचं काम माझ्याकडून राहिलं,’ आणि खाली सरांची सही.

समोर प्राचार्य, डॉक्टर, पाहुणे. पहिल्या रांगेत सर, मान खाली घालून. ती ओळ तशीच वाचून मी खाली उतरले असते तर कुणालाही काही कळलं नसतं. मी उतरणारच होते. पण डोळ्यांपुढून ठकीच्या ओठावरची ती माशी जाईना.

“ही ओळ चुकीची आहे,” मी म्हणाले. “झोळ्या माझ्याकडून तपासायच्या राहिल्या. हाताला टणक लागलं तरी मी उघडून पाहिलं नाही. आणि सरांनी विचारलं तेव्हा खोटं ‘हो’ म्हणाले.”

प्राचार्यांचा चेहरा उतरला. सरांनी मान वर केली नाही, पण त्यांचे खांदे खाली आले. कालपासून ते कानाशी चढले होते, हे मला तेव्हा कळलं.

ठकी वाचली. लाल निघालेली बाकीची तिघंही वाचली. ठकीला घरी नेताना सखूनं अडकित्ता सरांपुढे धरला. सरांनी तो तिच्याच पदरात परत ठेवला.

त्यानंतर मी कितीतरी वर्षं शिकवलं. पोरांनी माझं नाव काय ठेवलं असेल ते सांगायला नको. सर निवृत्त झाले, थकले, आणि शेवटच्या आजारात एका दवाखान्यात होते तेव्हा मी भेटायला गेले. इतके वाळले होते की मला बघवेना. औषधाची मात्रा वजनावर ठरणार होती, म्हणून सिस्टर आणि मी त्यांना धरून काट्यापाशी नेलं. काट्यावर चढायच्या आधी सर थांबले.

“शून्य बघितलं का?”

“हो काका,” सिस्टर म्हणाली, लगेच.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि वाकून बघितलं. काटा शून्याच्या पुढे उभा होता. मी तो फिरवून जागेवर आणला. सर माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पुन्हा वाकले, एक डोळा मिटून काट्याच्या अगदी समोरून पाहिलं, बोटानं हलकेच हलवून तो परत जागेवर येतो का तेही पाहिलं.

मग म्हणाले, “हो सर.”