राबियाबाईंच्या चिठ्ठ्या

मल्हारी शाळेच्या दारात आला तो लेकीचा दाखला काढायलाच. साल अठ्ठ्याण्णव, थंडीचे दिवस. मांडवगणच्या शिवारात कांद्याची लागण चालली होती आणि चौथीतली सोनम शाळा सोडून तीन दिवस वाफ्यात रोपं लावत होती.

गेल्या साली जुन्या गुरुजींच्या चिठ्ठ्या यायच्या. सोनमनं पाटी फेकली, सोनमनं कुणाची वेणी ओढली. मल्हारीला अक्षर येत नव्हतं. शेजाऱ्याकडून वाचून घ्यायचा आणि चारचौघांत मान खाली घालायचा. मग त्यानं ठरवूनच टाकलं, अजून एक चिठ्ठी आली की शाळा बंद. यंदा चौथीला राबियाबाई आल्या, आणि एका आठवड्यात तीन चिठ्ठ्या!

"आप्पा, चांगलं लिवलंय त्यात," सोनम म्हणाली.

"चिठ्ठीत कवा चांगलं असतंय व्हय? वर खोटं बोलतीस?" त्यानं तिच्या पाठीत दोन रट्टे घातले आणि चिठ्ठ्या तशाच बंडीच्या खिशात कोंबल्या. पुन्हा कुणापुढं लाज काढून घ्यायची नव्हती त्याला.

दारात मात्र तो थबकला. तिसरी-चौथी एकाच खोलीत, साठावर पोरं, आणि बाईंचा आवाज एवढा हळू की कान पुढं करावा लागला. मल्हारीनं ल्हानपणी बापासंगं दोनशे मेंढरं वळलेली. दोन कुत्री, काठी आणि घसा फाटेस्तोवर हाळ्या, तरी मेंढरं उसात घुसायची ती घुसायचीच. त्यानं बाईंच्या टेबलावर छडी शोधली. खडू होता, हजेरी होती. छडी नव्हती.

मागं जालिंदर नावाच्या पोरानं शेजारच्याची टोपी हिसकली. आता बाई कडाडणार म्हणून मल्हारीच आकसला. बाई शिकवत शिकवतच जालिंदरजवळ गेल्या.

"जालिंदर, सकाळी सतरंजी बाहेर नेऊन झटकलीस. धूळ कुणाच्या डोळ्यांत गेली नाही. बघितलं मी."

एवढंच. टोपी ज्याची त्याच्या डोक्यावर गेली आणि जालिंदर असा ताठ बसला, जसा काय फौजदारच झाला.

"आयला!" मल्हारीच्या तोंडून निघून गेलं. अख्खा वर्ग वळून हसला. बाईही हसल्या आणि बाहेर आल्या.

"सोनमचे आप्पा ना तुम्ही? तीन दिवस वाट बघतेय तिची."

"दाखला द्या बाई. तीन चिठ्ठ्या आल्या तुमच्या. अजून किती ऐकून घिऊ?"

त्यानं चुरगळलेल्या चिठ्ठ्या पुढं धरल्या. बाईंनी चिठ्ठ्यांकडं बघितलं, मग त्याच्या तोंडाकडं. काय झालं ते त्यांच्या ध्यानात आलं. त्या सावकाश वाचू लागल्या.

"'सोमवार. हंड्यापाशी सोनमनं पहिलीच्या पोरांना आधी पाणी पिऊ दिलं.' 'बुधवार. सोनमला राग आला. तिनं पाटी उचलली आणि खाली ठेवली.' 'शुक्रवार. हात वर करून तीनदा थांबली. मध्ये बोलली नाही.'"

"पाटी खाली ठिवली, ह्ये बी लिवलं?"

"तेच अवघड असतं, आप्पा. चूक माझी. चिठ्ठी धाडून भागत नव्हतं, मीच घरी यायला हवं होतं."

दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली ही बाई, बारा वर्षं गावोगावच्या शाळांत एसटीनं ये-जा करून नोकरी करत होती. "पहिल्या साली माझ्याकडंही छडी होती," त्या म्हणाल्या. "एका पोरीला बऱ्याचदा मारलं. एक दिवस मी नुसती तिच्याजवळनं चालले, तर तिनं न सांगता हात पुढं केला. काही केलंच नव्हतं तिनं. छडी त्याच दिवशी चुलीत घातली."

साठ पोरांच्या गलक्यात ह्या बाईला त्याच्या लेकीची उचललेली पाटी खाली येताना दिसली. लेक नऊ वर्षं त्याच्याच घरात वाढली, आणि त्याला असलं काही कधी दिसलं नव्हतं. देवळात उभं राहावं तसे त्याचे हात आपसूक जुळले.

"दाखला ऱ्हाऊ द्या बाई," तो म्हणाला. "आन् ते बुधवारचं पुन्यांदा वाचा."

रानात आला तेव्हा सोनम घोटाभर चिखलात वाकली होती. तो बांधावर बसला.

"सोने," तो म्हणाला, "तू खरं बोलली व्हतीस. म्याच चुकलो. उद्यापास्नं साळंत जा."

सोनमनं मान वर केली. मग हातातली रोपं तिनं हळूच वाफ्याच्या कडेला ठेवली.

"उद्या कशाला? आजच जाते की," म्हणाली, आणि पाय धुवायलाही थांबली नाही.