खळीच्या पातेल्यातला वाटेकरी

गल्लीत बातमी अशी होती की बाइंडरकाकाने कुत्र्याला विष घालून मारलं.

समोरच्या झेरॉक्सवाल्याने ती अर्ध्या तासात वीस जणांना ऐकवली. एकाच्या वीस प्रती काढायची सवयच त्याला. फरक एवढाच की यंत्रातून निघालेली प्रत जशीच्या तशी असते, त्याच्या तोंडून निघालेल्या दर प्रतीत कुत्रा वीतभर वाढायचा. "या डोळ्यांनी बघितलं हो! निळा फेस! एवढा!" आणि 'एवढा' म्हणताना हात असे फाकायचे की मधे म्हैस मावावी.

तर आधी खरं काय ते. कुत्रा मेला नाही. विष मात्र काकाचंच होतं. आणि घालायचं म्हणाल तर, त्या जनावराला साधी मुंगी चावली तरी काकाचा जीव वरखाली व्हायचा. पण हे चारचौघांत कबूल करील तो काका कसला!

काकाची पुस्तकबांधणी रस्त्याकडच्या खोलीत आणि संसार मागच्या खोलीत. मधे एक पडदा, त्यामुळे काकू फोडणीला टाकी आणि वाचनालयाच्या जाड ग्रंथांना खोकला येई. काका तीस वर्षं एकाच स्टुलावर बसून पानांच्या गड्ड्यांना जुजबंदी शिलाई घालत आला होता. रोज सकाळी मैद्याची खळ शिजवायची, मंद आचेवर, एकाच दिशेने ढवळत. शेवटी त्यात मोरचुदाची निळी, विषारी पूड टाकायची. मोरचूद असलं की खळ आठवडाभर आंबत नाही आणि पुस्तकाला कसर लागत नाही. "वाचणारा मरेल, माझं पुस्तक मरणार नाही," हे काकाचं ठरलेलं वाक्य. ते बोलताना डावी भुवई वर. पुतणीला (म्हणजे अस्मादिकांना) ते वाक्य भुवईसकट पाठ होतं. तिने नक्कल केली की काकू पदर तोंडाला लावी आणि काका म्हणे, "मी असा बोलतो? छे! मी कधी असा बोलतो?" पुन्हा भुवई वर.

कुत्रा आला तो कातरणीच्या ढिगात. पुस्तकांच्या कडा कापल्या की कागदाच्या बारीक पट्ट्या कोपऱ्यात साठत. एके दिवशी त्या ढिगातून एक मुडपलेला कान वर आला. अंगाला खरूज, रंग चहा सांडलेल्या पुठ्ठ्याचा. काका संतापला की त्याच्या जिभेवर मानाची भाषा येते.

"अहो! आपण कोण? काही बांधायला टाकलंय का आपण? पावती आहे?"

कुत्र्याने शेपूट हलवली. कातरण उडाली.

काकाने पुठ्ठा आपटून त्याला घालवलं. तो रस्त्यापर्यंत गेला, काकाची पाठ वळली तसा परत ढिगात. पुन्हा "अहो, निघा!" पुन्हा रस्ता, पुन्हा ढीग. आठ दिवसांत गल्लीत त्याचं नावच 'अहो' पडलं. काकूला हे काही पचेना.

"तीस वर्षं मी 'अगं' आणि 'ऐकतेस का', आणि हा उपटसुंभ परवा आला, तर याला 'अहो'!"

"मग तूही शेपूट हलव," काका म्हणाला, आणि त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

हळूहळू पुठ्ठा आपटायचा थांबला. "थंडी आहे, राहू दे दोन दिवस." थंडी संपली. "ऊन फार आहे." मग सबबीच संपल्या आणि कुत्रा राहिला. काका त्याला कधी हात मात्र लावत नसे. "खरूज लागेल," म्हणे. पण सकाळी खळ शिजली की, मोरचूद टाकायच्या आधी, तो पडद्याकडे एक नजर टाकून चमचाभर खळ कागदाच्या तुकड्यावर काढी आणि पायाने ढिगाकडे सरकवी. काकूने एकदा विचारलं, "हे काय?" तर म्हणे, "चिकटपणा बघतोय."

आणि मग ती मोठी ऑर्डर आली. कुठल्याशा कचेरीची दोनशे रजिस्टरं, तीही चार दिवसांत. फळ्या भरल्या, स्टूल भरलं, काकूच्या पलंगावर वाळायला रजिस्टरं. खळीचं पातेलं एरवी वरच्या फळीवर निवत असे. त्या दिवशी फळीवर जागाच नव्हती, म्हणून काकाने ते दाराशी जमिनीवर ठेवलं. मोरचूद टाकून, ढवळून. आणि मागे चहा प्यायला गेला.

कुत्र्याला काय ठाऊक! त्याच्या लेखी खळ म्हणजे काकाने दिलेला खाऊ.

काका परत आला तेव्हा पातेलं अर्धं झालं होतं आणि कुत्रा उंबऱ्यावर निळसर ओकत होता, पाय लटपटत होते. ज्याला कधी हात लावला नाही त्याला काकाने वाचनालयाच्या पुस्तकांसाठी आणलेल्या कोऱ्या लाल कापडात गुंडाळून छातीशी धरलं आणि तसाच अनवाणी जनावरांच्या डॉक्टरकडे धावला. मागे काकू, एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात काकाची.

"काय खाल्लं?" डॉक्टरने विचारलं.

"माझी खळ. मोरचूद आहे त्यात."

"ओकला हे बरं झालं. पण तीन दिवस काही सांगता यायचं नाही. खळ का खाल्ली पण यानं? इतकी?"

काका खाली बघत म्हणाला, "सवय होती."

"सवय कोणी लावली?"

  काकूने पुढे होऊन कापडाचं टोक नीट खोचलं.

तीन दिवस कुत्रा मागच्या खोलीत आणि काका त्याच्या उशाशी. रजिस्टरं तिथेच शिवली. एकाची पानं उलटी शिवली गेली. तीस वर्षांत पहिल्यांदा. चौथ्या दिवशी कुत्रा वाटीभर दूध प्यायला तेव्हा काका म्हणाला, "धूळ फार आहे इथे," आणि बराच वेळ डोळे पुसत बसला.

पाचव्या दिवशी काकाने खळ चढवली. वास पसरला तसा कुत्रा उठला, शेपूट पोटाशी घेऊन बाहेर पडला आणि रस्त्यापलीकडे झेरॉक्सवाल्याच्या पायरीखाली जाऊन बसला. हाक मारली तरी येईना. दूध ठेवलं, पाव ठेवला, तरी नाही.

काकाने मोरचुदाची बरणी पलीकडच्या आळीतल्या बाइंडरला देऊन टाकली. आता तो रोजची खळ रोज शिजवू लागला, पुरेल एवढीच.

"आणि कसर लागली म्हणजे?" काकूने विचारलं.

"पुन्हा बांधून देईन. पुस्तक पुन्हा बांधता येतं."

मग रोज सकाळी काका उंबऱ्यावर पातेलं घेऊन बसे, बोटभर खळ स्वतः चाटे आणि रस्त्यापलीकडे ओरडे, "हे बघा! मी खातोय! नुसता मैदा आहे, मेलो का मी?" झेरॉक्सवाल्याला नवी बातमी मिळाली: बाइंडर उपाशी आहे, खळ खातो. आज इतक्या वर्षांनी ती खोली कुलूपबंद आहे, रजिस्टरं कुणी शिवून घेत नाही. पण शिजत्या मैद्याचा वास कुठेही आला की काकाचं ते "मेलो का मी?" कानात घुमतं.

"तो यायचा नाही, काका," पुतणी तेव्हा एका सकाळी म्हणाली. "दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. हे तर विषानं पोळलंय."

"लाव पैज."

"कशाची?"

"पंधरा दिवसांत आला नाही, तर माझी हाडाची पट्टी तुझी." कागदाच्या घड्या मारून मारून काकाच्या अंगठ्याचा खळगा पडलेली पट्टी ती. पुतणीचा तिच्यावर लहानपणापासून डोळा होता. "आला, तर महिनाभर खळ तू शिजवायची. पहाटे उठून."

पुतणीने टाळी दिली. पट्टी कुठे ठेवायची तेही ठरवून टाकलं.

चौदाव्या सकाळी काका उंबऱ्यावर बसून बोट चाटत होता. कुत्रा पायरीखालून निघाला. रस्त्याच्या मध्यावर थांबला, सायकलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या, आणि तसाच पुढे आला. त्याने पातेलं हुंगलं नाही. काकाचं खळीने माखलेलं बोट हुंगलं, मग चाटलं.

काकाने भर गल्लीत त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"अहो," तो म्हणाला, आणि या वेळी रागाचा मागमूस नव्हता, "इतका उशीर?"

पुतणी आत गेली आणि मैदा चाळायला घेतला.