‘माझं चित्र गेलं’ म्हणणारे गावंडे काका

प्रभाकरराव गावंडे यांची आणि माझी पहिली भेट मूर्तिजापूरच्या अलीकडे, हायवेच्या कडेला एका लिंबाखाली झाली. उन्हाळ्याची दुपार होती. मी चिखलदऱ्याहून उतरलो होतो. तिथं काही दिवस कॉफीच्या बागेत काम केलं. कॉफीचं झाड कसं असते हे पुष्कळांना माहीत नसते, पण ते राहू द्या. अकोल्याची एसटी सुटली होती म्हणून मी हात दाखवत उभा होतो आणि काका गाडीबाहेर उभे राहून तोंडावर पाणी मारत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मले झोप येऊन राहिली. तुले गाडी येते का, राजा?"

येते म्हटलं. त्यांनी लायसन पाहिलं, मग रात्री किती झोपलो ते विचारलं. पुरी झोप झाली असं सांगितल्यावर त्यांनी चावी दिली नाही, आधी गाडी समजावून सांगितली. ब्रेक थोडा उशिरा लागतो, डाव्या मागच्या चाकात हवा कमी आहे, पुढं पुलाचं काम चालू असल्यामुळे रस्ता एकेरी आहे. मग म्हणाले, "आता गाडी तुही." मी नुसती मान हलवली तर ते तसेच उभे राहिले. शेवटी मला तोंडानं म्हणावं लागलं की गाडी माझी. तेव्हा ते शेजारी बसले, आणि माझं चालवणं दोन-तीन गावं पाहून घेतल्यावरच झोपले.

मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "मनावर घेऊ नको बाबू. तिकडं आभाळातली इमानं यांनी सांभाळली म्हणतात. घरी गॅसवरचं दूध नाही सांभाळता येत."

तेव्हापासून काकांना दूर जायचं असलं की मला फोन येतो. मी अमरावतीत असलो तर जातो. याच कारणानं त्यांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात, त्यांच्या खात्यातल्या जाणत्या मंडळींच्या ओळीत मला जागा मिळाली आहे.

काका मूळचे अकोल्याकडचे, काळ्या जमिनीवर कापूस पिकवणाऱ्या घरातले. विज्ञान शिकले, परीक्षा दिली आणि विमानांच्या वाहतूक नियंत्रणात लागले. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी एका मोठ्या नियंत्रण कक्षात काढली. आपल्या वऱ्हाडात लोकांना वाटते की रात्री आभाळ रिकामं असते. तसं नाही, हे काकांमुळे कळलं. आखाताकडून पूर्वेला आणि पूर्वेकडून युरोपकडे जाणारी कितीतरी विमानं रात्रीच आपल्या डोक्यावरून जातात. बडनेऱ्याला फलाटावर माणूस पेंगत असतो, वर प्रवासी झोपलेले असतात, आणि या दोघांच्या मध्ये कुठंतरी एका खोलीत कानाला हेडफोन लावून कोणीतरी जागं असते.

समोरच्या पडद्यावर ठिपके सरकतात, पण खरं काम डोक्यात चालते. कोणतं विमान किती उंचीवर आहे, कोण कोणाच्या रस्त्यात येणार, कोणाला आधी वर जाऊ द्यायचं. डोक्यातल्या या सगळ्या मांडणीला ते लोक ‘चित्र’ म्हणतात. म्हणून एकानं खुर्ची सोडताना दुसरा आधी शेजारी बसून ऐकतो, त्याच्या डोक्यात चित्र तयार होते, मग तो तोंडानं ‘माझ्याकडे आलं’ म्हणतो. नुसतं ‘सगळं ठीक आहे’ म्हणून उठणाऱ्या माणसाला काका विचारत, काय काय ठीक आहे ते सांगा. ही सवय त्यांनी घरातही सोडलेली नाही. काकू भाजीवर लक्ष ठेवा म्हणतात तेव्हा मीठ पडलं का, पाणी किती, हे विचारल्याशिवाय ते ओट्याजवळ जात नाहीत. तरीही भाजी बुडाला लागतेच.

आता मुख्य गोष्ट. ती मला काकांनी रंगवून कधी सांगितली नाही. थोडी काकूंनी सांगितली, थोडी अकोल्याच्या वैशाली मॅडमनी, ज्या तेव्हा त्या कक्षात नवीन होत्या.

त्या काळात माणसं कमी होती. एक रजेवर, एक आजारी, की उरलेल्यांनी ओढायचं. काकांची लागोपाठची रात्रपाळी होती आणि सोडवायला यायचा माणूस आलाच नव्हता. पाळीप्रमुखांनी सांगितलं, थोडं अजून बसा. काका बसले. पहाटेच्या सुमारास त्यांनी एका विमानाला वर चढायची परवानगी दिली. परवानगी बरोबर होती. पण लगेच त्यांच्या लक्षात आलं की ती कोणाला दिली हे आपल्याला आठवत नाही. पडदा पाहिला, सगळं जागच्या जागी. गप्प राहिले असते तर कोणालाच कळलं नसतं.

ते मोठ्यानं म्हणाले, "माझं चित्र गेलं. कोणीतरी बसा."

वैशाली मॅडम सांगतात की खोलीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या. असं बोलून दाखवायची तिथं पद्धत नव्हती, त्यात कमीपणा होता. पाळीप्रमुख म्हणाले, काही झालं नाही ना, मग चालू द्या. बाकीचे आपापल्या खुर्चीत अडकलेले होते, आणि मॅडमना त्या खुर्चीवर बसायची परवानगी अजून मिळालेली नव्हती. तेव्हा काकांनी शेजारच्या नियंत्रण कक्षाला सांगितलं की सध्या नवीन विमान माझ्याकडे पाठवू नका. जी होती ती मॅडम एकेक वाचत गेल्या आणि काकांनी मध्ये जास्त अंतर ठेवून ती बाहेर काढली. कोणाला ओरखडा आला नाही. पण कितीतरी विमानांना उशीर झाला, कंपन्यांनी तक्रार केली, आणि चौकशी बसली.

चौकशीच्या आधी एक वरिष्ठ त्यांना चहाला घेऊन गेले. माणूस वाईट नव्हता, काकांचं भलंच पाहत होता. त्यांनी सुचवलं की रेडिओ खराब होता म्हणा, विषय संपतो. काका म्हणाले, रेडिओ चांगला होता, मी खराब होतो. तर ते म्हणाले, मग तब्येत बरी नव्हती एवढं तरी म्हणा, महिन्याभरात खुर्चीवर परत याल. नाही तर ती खुर्ची विसरा.

काकू सांगतात, त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यांना ते एकच काम करायचं होतं, दुसरं कोणतं त्यांनी कधी मागितलंही नव्हतं. शेवटी काकूंना म्हणाले, "मी बिमार होतो म्हटलं तर बिमारी माही होते. लागोपाठची ड्यूटी तशीच राहते. अन् उद्या त्या खुर्चीत दुसरा कोणी बसते."

चौकशीत त्यांनी जे झालं ते सांगितलं. खुर्ची गेली. त्यांना एका लहान विमानतळावर पाठवलं, जिथं दिवसाकाठी मोजकी विमानं उतरतात, आणि तिथूनच ते यंदा निवृत्त झाले. धामणगावला जाताना मी एकदा त्यांना विचारलं होतं, पस्तावा होते का. त्यांनी आधी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाले, "होते. मले ते काम आवडत होतं." एवढंच. मोठेपणाचं काही बोलले असते तर मी कदाचित विसरून गेलो असतो.

माझ्यावरचा त्यांचा लोभ एका प्रसंगात सांगतो. मी अमरावतीत एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे होतो. रात्रभर गाडी चालवून आलो तर मालक म्हणाला, लगेच चिखलदऱ्याची सवारी घेऊन जा. फोनवर काकांना सहज बोललो. ते स्कूटरवर ऑफिसात आले आणि मालकाला म्हणाले, गाडी जाईन, हा नाही जाणार. मालकानं टोमणा मारला, तुमी इमानवाले, आमच्या धंद्यात कायले पडता? काका दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत तिथं खुर्चीवर पेपर वाचत बसले. ती नोकरी पुढं मी सोडली, कारण वेगळं होतं.

या ग्रंथाच्या तयारीसाठी अकोल्याला मंडळी जमली होती. वैशाली मॅडम आता त्याच कक्षात वरच्या जागेवर आहेत. त्यांनी सांगितलं की सोडवणारा माणूस हजर असल्याशिवाय आता रात्रपाळी सुरू होत नाही. हा नियम कोणामुळे आला ते कुठं लिहिलेलं नाही. मग काकांकडे वळून म्हणाल्या, "सर, मागच्या महिन्यात मी म्हटलं, माझं चित्र गेलं. शेजारच्यानं हेडफोन लावला, ऐकलं, अन् बसला. मी चहा प्यायला गेली. कोणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही."

काकांनी चष्मा काढला. मग त्यांनी विचारलं, "चहा कसा होता?"

"पाणचट, सर."

सगळे हसले, काकाही हसले. नंतर बराच वेळ ते चष्मा पुसत होते.

काकांना साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांना धडधाकट शरीर आणि पुढं पुष्कळ मोठं आयुष्य लाभो. काकूंचं बोलणं त्यांना असंच ऐकायला मिळत राहो. आणि इतक्या रात्री दुसऱ्यांसाठी जागून काढल्यावर आता रोज रात्री त्यांना गाढ झोप लागो. त्या वेळी त्या कक्षात जे कोणी जागं असेल, त्यालाही सोडवायला माणूस वेळेवर येवो. काकांनी स्वतःसाठी दुसरं काही मागितलं असतं असं मला वाटत नाही.