बावीस ओळींची चौकट

१९८३ सालच्या नोव्हेंबरात, एका बुधवारी, कोल्हापुरातल्या एका दैनिकाच्या चौथ्या पानावर बावीस ओळींची एक चौकट छापून आली. खाली लेखकाचं नाव नव्हतं. ती मी लिहिली होती. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोला नाही, संपादकांना नाही, आणि ज्यांना सांगायलाच हवं होतं त्यांना तर नाहीच.

मी त्या दैनिकात उपसंपादक होतो. वय अडतीस. दारू पीत होतो. किती, ते सांगत बसत नाही. एकदा एका अपघाताच्या बातमीत मयताच्या जागी फिर्याद देणाऱ्याचं नाव छापून गेलं आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी भावांना घेऊन कचेरीत उभा राहिला — एवढं पुरे. संपादकांनी मला काढलं नाही. एका मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

डॉक्टर दर रविवारी सकाळी शाहूपुरीतल्या एका प्राथमिक शाळेच्या वर्गात बैठक घेत. मुलांच्या बसकरांवर आम्ही दहाबारा बाप्ये गोल बसायचो. फळ्यावर शनिवारचे पाढे तसेच असायचे. नियम तीन. नावं घ्यायची नाहीत. माणसाला त्याच्या गावाच्या नावानं हाक मारायची. पाण्याचं फुलपात्र ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं; नसेल बोलायचं तर एक घोट घेऊन पुढे द्यायचं. आणि तिसरा — बोलणाऱ्याला प्रश्न विचारायचा नाही. वर्गात नाही, बाहेरही नाही. ज्याला जेवढं सांगवेल तेवढंच त्यानं सांगायचं.

डॉक्टर म्हणायचे, दारू सोडवणं सोपं आहे. पण तुम्ही ती कशावर तरी झाकण म्हणून ठेवलेली असते. झाकण निघेल तेव्हा तुम्ही एकटे असता कामा नये, म्हणून हा वर्ग.

मी मंगळवार पेठेतला, म्हणून मी ‘पेठ’. माझ्या शेजारी मलकापूर बसायचा. एसटीत कंडक्टर, तोंडानं सैल, मनानं भला. मी आलो की सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, “काय पेठ, आज डोळं पांढरं दिसत्यात! लगीन ठरलं काय पुन्हा?” डॉक्टरसुद्धा हसायचे. मी आठ महिने दारूला शिवलो नव्हतो, त्यात या माणसाचा वाटा मोठा होता. हेही मी त्याला कधी सांगितलं नाही.

आणि समोर, दाराजवळ, इचलकरंजी. त्याचं खरं नाव मला नंतर कळलं. ते मी इथं देत नाही. तिशीचा, यंत्रमागावरचा विणकर. चार महिने तो फुलपात्र हातात घ्यायचा, “आज न्हाय,” म्हणायचा आणि पुढे द्यायचा. मग ऑक्टोबरातल्या एका रविवारी त्यानं ते पुढे दिलं नाही.

बाप वारला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मामानं आपल्या मागाच्या शेडमध्ये कामाला नेलं. शेडला लागून सुताची खोली होती. मामा त्याला तिथं कोंडायचा, आणि काय करायचा तेही त्यानं सांगितलं. मी ते इथं लिहिणार नाही. एकदा लिहिलं तेवढं झालं. बाहेर आठ माग चालू असायचे. कोण ऐकणार? “पावणं, माग चालू हाय तवर मी बरा असतोय,” तो म्हणाला. “लाईट गेली, माग थांबलं, की मला ऐकू याय लागतं. मग मी प्यायला पळतोय.”

पुढचं त्यानं खाली बघून सांगितलं. रीतीप्रमाणे मामाची मुलगी त्यालाच दिली. नको म्हणायला कारण काय सांगणार? संसार सात वर्षांचा, मुलगा तीन वर्षांचा. बायकोला काही माहीत नव्हतं. “तिला कळलं तर ती कुठं जाईल? बाप त्यो, नवरा मी.”

मलकापूरनं नाक पुसलं. डॉक्टर म्हणाले, “पाणी प्या.” तो प्याला. त्या दिवशी त्याचा हात पहिल्यांदा थरथरला नाही, हे मी पाहिलं. असलं मला नेमकं दिसतं.

मी त्याच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत गेलो. का गेलो? तेव्हा वाटलं, सोबत म्हणून. चहा घेतला. मी पेपरात आहे हे वर्गात डॉक्टरांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं; ते मी त्याला तिथं सांगितलं. तो मोकळा झाला होता, हसत होता. आणि मी विचारलं — “त्या खोलीला कुलूप असायचं का?”

हा प्रश्न कुणी विचारतं का? ज्याला त्या माणसाची काळजी आहे, असा कुणी?

“कुलूप कशाला?” तो म्हणाला. “कडी लावायची आन् कोयंड्यात धोटा खुपसायचा. अजून तसंच करतोय की म्हातारा. आख्ख्या गल्लीत त्यो एकटाच.”

धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन धावणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना निमुळता. हे त्यानं वर्गात सांगितलं नव्हतं. फक्त मला सांगितलं होतं.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी दुपारी, चौथ्या पानावरची एक जाहिरात रद्द झाली. जागा भरायला दुसरा मजकूर तयार होता — एका साखर कारखान्याच्या सभेचा. मी तो बाजूला ठेवला आणि पंचवीस मिनिटांत चौकट लिहिली. गाव लिहिलं नाही. वय बदललं. त्याला मुलगा होता, मुलगी केली. मामाचाच जावई, हे ठेवलं. त्याशिवाय त्यात काय राहिलं असतं? आणि धोटा ठेवला. धंद्यात मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं — नाव बदल, गाव बदल, पण एक तपशील असा ठेव की वाचणाऱ्याला वाटावं, हे कुणी रचलेलं नाही. संपादकांनी प्रूफ वाचलं आणि म्हणाले, “धोटा झकास.” मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

शुक्रवारी तीनच्या सुमारास शिपाई आत आला. “साहेब, एक पावणं आलंत. नाव सांगत न्हाईत. पेठेला भेटायचंय म्हणत्यात. पेठ म्हंजे कोण वो?”

मी म्हणालो, ते बाहेरगावी गेलेत असं सांग.

इचलकरंजी गेला नाही. बाकावर बसून राहिला. दाराच्या फटीतून मला त्याचे गुडघे दिसत होते, आणि गुडघ्यांवर घडी घातलेला अंक. तासाभरानं तो उठला. आरडाओरडा नाही, शिवी नाही. शिपायाला म्हणाला, “येतो म्हणून सांगा.”

रविवारी वर्गाच्या दारात त्याची बायको उभी होती. कडेवर मूल, हातात चौथं पान. तिनं कुणाकडं न बघता विचारलं, “डाक्टर कोण?” आणि मग, “ह्यात लिवलंय ते माझ्या बाबाचं हाय. धोटा आमच्याच घरात अडकवत्यात, दुसरं कुठं न्हाय. मला नवऱ्यानं सांगिटलं न्हाय, पेपरानं सांगिटलं. ते ऱ्हाऊ दे. ह्यो माणूस शुक्रवारी सकाळी घरातनं गेलाय, अजून आला न्हाय. तुमच्यापैकी कुणी बघिटलाय का?”

शुक्रवारी दुपारी चारपर्यंत तो कुठं होता, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

मी काही बोललो नाही. ती गेली.

डॉक्टरांनी फुलपात्र फिरवलं. जो बाहेर बोलला असेल त्यानं सांगावं, एवढंच म्हणाले. एकेक जण ‘मी न्हाय’ म्हणत गेला. मलकापूरच्या हातात ते आलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, “ह्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. इचलकरंजीच्या गाडीवर ड्युटी असते ह्याची.” मलकापूर हसला, त्याला ती चेष्टा वाटली. मग त्यानं सगळ्यांचे चेहरे पाहिले. “आईची शपथ. पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. पेठ, तू तरी सांग की ह्यास्नी!”

फुलपात्र माझ्याकडं आलं. मी म्हणालो, “मी नाही.” मलकापूरबद्दल काहीच म्हणालो नाही — न बोलणं पुरेसं होतं. पाणी प्यालो. हात स्थिर होता.

मलकापूर पुन्हा बैठकीला आला नाही. दोन महिन्यांनी मी त्याला स्टँडमागच्या गुत्त्यात शिरताना पाहिलं. अंगावर वर्दी होती. मी रस्ता ओलांडून पलीकडून गेलो. मी स्वतः त्या नोव्हेंबरनंतर एक थेंबही घेतलेला नाही. लोक अजूनही मला त्याबद्दल मानतात. कुणाच्या नवऱ्याला समजावायचं असेल तर मला बोलावतात, आणि मी जातो.

बायको शोधत आली त्या रविवारनंतरच्या बुधवारी इचलकरंजीच्या वार्ताहराची बातमी माझ्या टेबलावर आली. पंचगंगेच्या काठी एका यंत्रमाग कामगाराचा मृतदेह मिळाला. मयताचं नाव, वय. पत्नीनं ओळख पटवली. मृत्यूचं कारण समजलं नाही. पोलीस तपास करत आहेत. शेवटची ओळ अशी होती — मयताच्या खिशात वर्तमानपत्राचं एक कात्रण मिळालं आहे.

बातमी सात ओळींची आली होती. मी लाल पेन्सिलीनं एक ओळ काढली आणि कागद कंपोझला पाठवला. गुरुवारच्या अंकात ती सहा ओळींची छापून आली.