काकींच्या कौलांवरचा धूर

सकाळी उठले की मी आधी शेजारच्या काकींच्या कौलांकडे बघते. धूर दिसला की जीव थाऱ्यावर येतो. त्यांचा मुलगा बायकोला घेऊन मुंबईला गेला आणि लाकडं फोडायला घरात कुणी उरलं नाही. म्हणून गणपतीला आला तेव्हा तो गॅस बसवून गेला.

दुसऱ्या सकाळी कौलांवर धूर नव्हता. मी अनवाणीच धावले. काकी ओट्यापाशी चहा गाळत होत्या.

"एवढी धापा टाकत का आलीस गो?"

"धूर दिसला नाही, काकी."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी दुसरा कप काढला.

तेव्हापासून काकींचा सगळा स्वयंपाक गॅसवर होतो. तरी रोज सकाळी त्या चुलीत मूठभर सुका पातेरा, झाडाखालची वाळकी पानं, पेटवतात. वर भांडं ठेवत नाहीत.

आता माझा मुलगा मला ठाण्याला बोलावतोय. मी बॅग काढते, पुन्हा माळ्यावर टाकते. काल शेवटी काकींना सांगितलं.

"जा गो," त्या म्हणाल्या. "मलाही मग पातेरा गोळा करायला नको."

आज सकाळी त्यांच्या कौलांवर रोजच्यापेक्षा दाट धूर होता.