न हलणारी रेघ

पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं काढली, म्हणून सगळं शहर त्यांना चावीवाले म्हणतं. कुठल्या गल्लीत किती वाजता पाणी सोडायचं, कुठली चावी किती आटे फिरवायची, हे त्यांच्या मनगटाला पाठ. जमिनीखालचं पाणी ते कानाने ओळखत. लोखंडी सळईचं एक टोक चावीवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटून सांगायचं, "आहे, पण दम नाही." बायको म्हणायची, "माझं बोलणंही एकदा असं सळई लावून ऐका."

निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी या माणसावर एका काचेच्या पेटीसमोर बसायची वेळ आली. लेक तेरा आठवडे आधीच बाळंत झाली. नात नऊशे ग्रॅमची. जावई बोटीवर नोकरीला. बंदराला लागायला अजून आठवडा होता. ऑपरेशनमुळे लेकीला वरच्या मजल्यावरून हलायची बंदी, आणि आई तिच्या उशाशी. त्यामुळे खाली बाळाच्या खोलीत जायचं काम चावीवाल्यांकडे आलं. कोपरापर्यंत हात धुवायचे, झगा चढवायचा आणि अर्धा तास स्टुलावर गप्प बसायचं.

नातीची मूठ त्यांच्या अंगठ्याच्या नखाएवढी होती. कपाळावर एक मऊ पट्टी चिकटवलेली, तिची वायर पडद्याकडे गेलेली.

"या पट्टीतून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश आत जातो," डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं, "आणि मेंदूला प्राणवायू किती मिळतोय ते कळतं. टोचणं नाही, काही नाही. पडद्यावर वरची रेघ रक्तदाबाची, खालची मेंदूची. तुमच्याआमच्या मेंदूतल्या शिरा दाब कमीजास्त झाला की आपल्या आपण सैलावतात, आवळतात आणि रक्त सारखं ठेवतात. इतक्या लवकर आलेल्या बाळाला ते जमेलच असं नाही. दाब घसरला तर मेंदू उपाशी, उसळला तर बारीक शीर फुटायची भीती. पहिले तीन दिवस जपायचे."

"जमलं हे कशावरून ओळखायचं?"

"आत्ता वरची रेघ जिथे जाते तिथे खालची जाते. ती आपल्या मनाने चालायला लागली, की जमलं."

चावीवाल्यांनी ते शब्द वर नेऊन लेकीला सांगितले. तेव्हापासून ती एकच प्रश्न विचारायची, "बाबा, रेघा?" तिच्यापुढे खोटं बोलायची सोय नव्हती. खोटं बोलताना बापाचे कान लाल होतात, हे तिने चौथीतच ओळखलं होतं.

"एकत्रच आहेत गं अजून," ते म्हणत, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यादेखत दोन्ही रेघा उतरू लागल्या. ते ताडकन उठले. "अहो, दाब वाढवा की!"

"वाढवतेय, आजोबा. पण मुंगीच्या पावलांनी." डॉक्टरीणबाईंनी पंपावर औषधाचा आकडा किंचित वर नेला आणि हात मागे घेतला.

चावीवाले पुन्हा स्टुलावर बसले. नोकरीला लागल्यावर एकदा त्यांनी घाईघाईत अख्खी चावी उघडली होती. हमरस्त्याखालचा मोठा पाइप फुटून दुकानांत गुडघाभर पाणी शिरलं होतं. पडद्यावरच्या रेघा वीस मिनिटांनी सावरल्या, दोन्ही बरोबरच.

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर बाळाचा लंगोट बदलत होत्या. पाय वर उचलायचे नाहीत, डोकं मधोमध ठेवायचं, सगळं सांभाळून चाललेलं. तरी पेटीतल्या बाईसाहेबांना ते रुचलं नाही. तोंड वाकडं झालं, मुठी आवळल्या, वरची रेघ चढायला लागली. चावीवाल्यांनी खालच्या रेघेवर नजर धरली.

ती हलली नाही.

वरची आणखी चढली. खालची होती तिथेच, फूटपट्टीने आखल्यासारखी. त्यांच्या खात्यात दाबाच्या मीटरवरच्या न हलणाऱ्या काट्याचा अर्थ एकच: काटा अडकला. आणि काटा अडकलेला असतानाच पाइप फुटतात. जुन्या सवयीने त्यांनी पडद्यावर नखाने दोन टिचक्या मारल्या.

"सिस्टर, मशीन अडकलं! बघा लवकर!"

"आजोबा, टिचक्या नका मारू! तो काय तुमचा मीटर आहे?" सिस्टर आल्या. पट्टी तपासली, वायर तपासली, पुन्हा पडद्याकडे बघितलं आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. आता दोघी बघत उभ्या.

डॉक्टरीणबाईंनी ती रेघ मोठी करून दाखवली. सरळ दिसणारी रेघ अगदी बारीक थरथरत होती.

"अडकलेली नाही. वर दाब एवढा उसळला, पण हिने तो मेंदूपर्यंत येऊच दिला नाही. शिरा आवळल्या."

"कुणी सांगितलं तिला?"

"कुणीच नाही." डॉक्टरीणबाई हसल्या. "अजून हेलकावे येतील, आजोबा. पट्टी काढणार नाही आपण. पण आजचं काम तिने चोख केलंय."

चावीवाले पेटीकडे बघत राहिले. त्या संत्र्याएवढ्या डोक्यात, केसाहून बारीक शिरांवर, कुठे किती आवळायचं याचा हिशेब चालला होता. आणि हिशेब करणारी झोपली होती. सळई लावून ऐकावं असं काही नव्हतं. तरीही त्यांनी डोळे मिटून घेतले.

ते वर गेले तेव्हा लेकीने आधी त्यांचे कान बघितले. "बाबा, रेघा?"

ते आधी खाटेच्या कडेला टेकले.

"अहो, बोला की!" बायको म्हणाली. "का सळई आणू?"

"सुटल्या. वरची उसळली, खालची जागची हलली नाही. मला वाटलं, मशीन बिघडलं. टिचक्या मारल्या मी."

लेक हसली, टाके दुखले म्हणून पोट धरलं, आणि तशीच रडायला लागली. "म्हणजे तुमच्या खात्यात भरती झाली म्हणायची."

"माझ्या खात्यात?" चावीवाले म्हणाले. "मला चाव्या शिकायला तीन वर्षं लागली गं. आणि हिला तीन दिवस."

भेटायची पुढची वेळ चारची होती. साडेतीनलाच ते हात धुवायला निघाले.