सहाव्या ओळीतलं नाव

दि. ११ जानेवारी २०२५ रोजी जळगावच्या बाजारातून ६४५ रुपयांचा लाल रेशमी दोरा आणि थोडी जर घेतली. दुकानात पैसे अक्काने दिले. घरी आल्यावर मी तिला पाचशेची नोट दिली आणि म्हणालो, वरचे नंतर देतो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण सुनंदा. वय साठ. पारोळ्याला बस स्थानकामागे दोन खोल्यांत एकटी राहते. साड्यांना फॉल लावते, ब्लाउज शिवते आणि लग्नसराईत रुखवतासाठी रुमाल, बटवे, तोरणं भरून देते. माझ्या मुलीचं, प्राचीचं, लग्न फेब्रुवारीत ठरलं होतं, म्हणून ती महिनाभर आधी जळगावला आमच्याकडे आली. येताना पत्र्याच्या पेटीतून आमच्या घरचा अंतरपाट घेऊन आली.

हा अंतरपाट आमच्या आईचा. १९६२ साली लग्नात तिने तो स्वतः भरून आणला. मधे स्वस्तिक, कडेने केळीची पानं, आणि खाली पहिल्या ओळीत तिचं व वडिलांचं नाव. पुढे घरात ज्याचं लग्न होईल त्या जोडीचं नाव त्याखाली भरायचं, असा रिवाज पडला. पहिल्या सहा जोड्या आईने भरल्या. मग तिची दृष्टी गेली आणि सुई अक्काकडे आली. सातवी जोडी माझी. अकरावी चुलतभावाच्या मुलाची. प्राचीची बारावी.

सहावी ओळ 'सुनंदा – प्रेमराज' अशी होती. मे १९८५. धुळ्याचं स्थळ होतं. चौदा महिन्यांनी प्रेमराजांनी, सगळे त्यांना प्रेमराव म्हणत, अक्काला माहेरी आणून सोडलं. कारण सांगितलं नाही. पुढे स्टॅम्पपेपरवर फारकतीच्या सह्या झाल्या आणि त्यांनी दुसरं लग्न केलं. अक्काने केलं नाही. स्थळं आली होती, ती वडिलांनीच परतवली. माझं शिक्षण चालू होतं आणि घरात तिच्या शिवणाचे पैसे येत होते. मी बी.कॉम. झालो तो त्या पैशांवर. डाळ मिलच्या हिशेब खात्यात लागलो. या ऑगस्टमध्ये निवृत्त होईन.

१९ जानेवारीला बस्ता होता. धुळ्याहून नवरदेवाकडची मंडळी कापडखरेदीला आली आणि आधी घरी चहाला थांबली. माझ्या पत्नीने हौसेने अंतरपाट दिवाणावर पसरला. प्राचीचं नाव भरून झालं होतं. नवरदेव योगराजचा 'यो' सुरू होता.

नवरदेवाचे काका सुकदेव नाना म्हणाले, "अहो, हा अंतरपाट आहे का मतदार यादी?"

सगळे हसले. मीही हसलो. विहीणबाईंनी चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागल्या. सहाव्या ओळीवर बोट थांबलं.

"प्रेमराज? हे आमच्या धुळ्याचे? किराणावाले?"

त्यांनी ओळ पुन्हा वाचली.

"त्यांच्या बायकोचं नाव तर वेगळं आहे. ही सुनंदा कोण?"

अक्का तेव्हा त्यांच्यासमोर चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "मीच," ती म्हणाली. "साखर चालते ना तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. "आम्ही तसलं काही मानत नाही हो भाऊ. पण पोरं उभी राहणार, आणि मधल्या कापडावर मोडलेली जोडी. शिवाय प्रेमरावांचं आमच्या ह्यांच्याशी बसणं-उठणं आहे. ते लग्नाला येणार. समोर स्वतःचं नाव दिसलं तर त्यांना किती अवघडल्यासारखं होईल!"

मी म्हणालो, बघतो.

पत्नीचं मत पडलं की एवढ्यासाठी स्थळाशी वाकडं नको. माझंही तेच पडलं. अक्का गॅलरीत उन्हात बसून भरत होती. मी तिला सांगितलं. ती माझ्याशी नेहमी अहिराणीतच बोलते.

"भटू, हाई तू सांगी ऱ्हायना का?"

"त्यांच्याकडून निरोप आहे अक्का."

तिने सुई कापडात टोचून ठेवली. सहाव्या ओळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्यानं काढस. मन्हं ऱ्हाऊ दे."

त्याचं नाव काढते, माझं राहू दे. एवढंच मागणं होतं. चाळीस वर्षांत तिने माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

पत्नी दारातून म्हणाली, "अहो वन्सं, सगळ्या जोड्या आहेत. त्यात एकटं नाव कसं दिसेल?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "चांगलं नाही दिसणार."

ती कात्री घेऊन आली. आई नावं साखळी टाक्याने भरायची. साखळीचं असं असतं की शेवटची गाठ कापून दोरा ओढला की टाके आले तसे परत जातात. अक्काने कापड उलटं करून गाठ शोधली, कापली आणि ओढलं. आधी प्रेमराव गेले. मग 'दा', मग 'नं', मग 'सु'. पाच मिनिटंही लागली नाहीत. दोरा तिने बोटाला गुंडाळला.

"मन्हा नंतरना एक बी नाव मी साखळीमा भरं नही," ती म्हणाली. "बठ्ठा उलटी टीपना शेत."

तिच्यानंतरची सगळी नावं उलट्या टिपेतली. उलटी टीप ओढून निघत नाही. टाका टाका कापावा लागतो. माझं आणि माझ्या पत्नीचं नाव उलट्या टिपेत आहे.

पत्नीने सुचवलं की मोकळ्या जागी एखादं फूल भरा, सुईची भोकं दिसतात. अक्का म्हणाली, धुतल्याशिवाय ती मिटणार नाहीत. अंतरपाट धूत नाहीत. फूल तिने भरलं नाही. योगराजचं नाव मात्र नेहमीसारखं सुबक भरून दिलं.

१६ फेब्रुवारीला लग्न झालं. पाहुण्यांना टॉवेल-टोपी देण्याचा कार्यक्रम मंगलाष्टकांआधी होता. माईकवर एकेक नाव पुकारलं जात होतं. वरपक्षाच्या यादीत चौथं नाव प्रेमरावांचं होतं. ते आले. मी त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि हात जोडले. "तब्येत बरी ना?" त्यांनी विचारलं. मी बरी म्हणालो. अक्का बायकांमध्ये चौथ्या रांगेत बसली होती. नाव माईकवर होतं, तेव्हा तिलाही ऐकू गेलं असेल.

नंतर अंतरपाट धरला गेला. समोरून व्हिडिओवाल्याचा दिवा होता. मी प्राचीच्या मागे उभा होतो. माझ्या बाजूने सहाव्या ओळीतली भोकं उजेडात स्पष्ट दिसत होती. दोन्ही नावं वाचता येत होती.

प्राची पुण्याला नोकरी करते, तिला यातलं काही माहीत नव्हतं. पाठवणीआधी तिने विचारलं, "बाबा, आत्याचं नाव कोणी काढलं?"

"आत्यानेच," मी सांगितलं. यात खोटं काही नव्हतं.

तोवर अक्का पारोळ्याच्या बसने निघून गेली होती. जेवली की नाही, ते कोणालाच सांगता आलं नाही.

आठवड्याने मी अंतरपाट घेऊन पारोळ्याला गेलो. तो कायम तिच्याच पेटीत राहत आला होता. तिने चहा केला. पिशवी उघडून पाहिली नाही.

"तुना घर ठेव," ती म्हणाली. "त्यामा मन्हं काय शे?"

मी पाकीट काढलं आणि दोऱ्याचे राहिलेले पैसे मोजून पुढे केले. तिने ते सरकवून परत माझ्यासमोर ठेवले आणि एका गिऱ्हाइकाच्या साडीचा फॉल हातात घेतला.

अंतरपाट आता माझ्या कपाटात आहे. अक्काचे १४५ रुपये देणे आहे.